आधी सुतळी, मग मोबाइल: गावातल्या मोठ्या माणसांना सोशल मीडिया शिकवताना

खानदेशात पारोळ्याकडच्या एका गावात पहिला वर्ग घेतला तेव्हा मी थेट मोबाइलपासूनच सुरुवात केली होती. हे हिरवं चिन्ह दाबा, वरच्या तीन ठिपक्यांवर जा, तिथून सेटिंग्ज उघडा. तासाभरात निम्म्या बायांनी फोन पदराखाली ठेवून दिले. उठता उठता एक जिजी म्हणाल्या, "भाऊ, हाई मना डोकामा नही ऱ्हास."

त्याच जिजी ओट्यावर बसून दुसऱ्या बाईला सांगत होत्या, की पुतणीचं जमतंय ही गोष्ट कोणाच्या कानावर घालायची आणि साखरपुडा होईपर्यंत कोणाला कळूही द्यायची नाही. कोण गोष्ट पोटात ठेवतं, कोण तिला तिखटमीठ लावतं, कोणाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत दोन गावं पलीकडे पोचतं, हा सगळा नकाशा त्यांना पाठ होता. सोशल नेटवर्किंगचं अवघड शिक्षण त्यांचं आधीच झालेलं होतं. राहिलं होतं ते फक्त फोनमध्ये आणणं, आणि मी नेमकं ते सोडून बटणं शिकवत बसलो होतो.

त्यानंतर वर्गाची रीत बदलली. पहिल्यांदाच असा वर्ग घेणाऱ्या बचत गटाच्या ताई, वाचनालयाचे कार्यकर्ते, सुटीत गावी आलेले कॉलेजचे विद्यार्थी यांच्यासाठी ती रीत इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

साधनं कोणती

ही रीत सर्जनशील विचाराच्या साधनांवर उभी आहे. ही साधनं म्हणजे डोक्याला नेहमीच्या चाकोरीतून बाजूला काढणाऱ्या साध्या युक्त्या. अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनी 'ब्रेनस्टॉर्मिंग' रुजवलं: आधी सगळ्यांनी सुचेल ते बोलायचं, चूक-बरोबर नंतर. त्यातूनच प्रश्न उलटा करून विचारायची पद्धत निघाली. माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९८५ मध्ये सहा टोप्यांची पद्धत मांडली. मध्यभागी एक शब्द लिहून चहूकडे फांद्या काढायचा 'माइंड मॅप' टोनी बुझान यांनी लोकप्रिय केला. ही नावं वर्गात घेऊ नका. तिथे सुतळी, ज्वारी, कापूस, मिरची एवढंच दिसलं पाहिजे.

वर्गाची वेळ, जागा, माणसं

कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा कोणी येणार नाही. तेव्हा वर्ग घ्यायचाच असेल तर रात्री जेवणं उरकल्यावर साडेआठला. माझ्या मते होळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा काळ सगळ्यात चांगला. रब्बीची कामं आवरलेली असतात. फक्त दुपार टाळा, आपल्याकडच्या उन्हात चार वाजेपर्यंत कोणाचंच डोकं चालत नाही. शिवाय आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यांना फोन येतो आणि आईशी बोलायचा धीरही असतो, म्हणून शेवटचे दोन वर्ग त्या दिवसांत आले तर मदतनीस आपोआप मिळतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बाराही महिने काम असतं. तिथल्या लोकांनाच वेळ विचारून घ्या. बाजाराचा वार सगळीकडेच सोडून द्या.

बारा ते पंधरा माणसं, दीड तास, आठवड्यातून दोनदा, असे सहा वर्ग पुरतात. पहिले दोन-तीन वर्ग बायांचे वेगळे घ्या, हा माझा आग्रह आहे. सासरे किंवा जेठ समोर बसलेले असताना सून "मला हे येत नाही" असं म्हणत नाही, आणि ते वाक्य निघाल्याशिवाय शिकणं सुरू होत नाही. फोन कोणाचा आहे हेही पहिल्याच दिवशी विचारा. कित्येक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलाचा असतो.

भाषा त्यांची ठेवा. धुळे, अमळनेर, साक्रीकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, अक्कलकुवा-धडगावकडे भिली किंवा पावरी. तुम्हाला येत नसेल तर गावातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी जोडीला घ्या. पुस्तकी मराठीत विचारलं की माणसं "हो, समजलं" म्हणतात, आणि प्रश्न घरी घेऊन जातात.

पहिली पायरी: सुतळीचा गुंडा

सगळ्यांना गोल बसवा. फोन पिशवीत. सुतळीचा गुंडा एकाच्या हातात द्या आणि विचारा, "तुमच्या घरी आज पाहुणा आला, तर या खोलीतल्या कोणाला आधी कळेल?" त्याने सुतळीचं टोक स्वतःकडे धरून गुंडा त्या माणसाकडे टाकायचा. तो पुढच्याकडे. दहा मिनिटांत मधोमध जाळं तयार होतं.

आता एकाला सुतळी हलकेच ओढायला सांगा आणि बाकीच्यांना विचारा, हिसका कोणाकोणाला लागला? ज्यांच्याशी त्याचं कधी बोलणं होत नाही, त्यांच्याही हाताला तो पोचलेला असतो. इथे थोडं थांबा, काही बोलू नका. कोणीतरी स्वतःच म्हणतं, "म्हणजे मी एकाला सांगितलं, तरी ते त्याच्यापाशी थांबत नाही."

मग एका माणसाच्या हातात सुतळीचे चार-पाच पदर आलेले दिसतील. ती गावातली बोलकी व्यक्ती. तिच्यामुळे लसीकरणाचा निरोपही घरोघर जातो आणि खोटी बातमीही. हे कोणाला टोचेल असं न बोलता, "यांच्या हातात ताकद आहे" असं म्हणा. पुढच्या वर्गांत हीच माणसं तुमची सगळ्यात चांगली मदतनीस होतात.

दुसरी पायरी: उपमा त्यांनीच शोधायच्या

कार्डशीटच्या मधोमध 'फोनमधलं गाव' असं लिहा आणि फांद्या काढा: व्हॉट्सअ‍ॅपचा वैयक्तिक निरोप, ग्रुप, स्टेटस, फेसबुक, यूट्यूब. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: हे आपल्या गावातल्या कशासारखं आहे? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं किंवा सांगावं, तुम्ही लिहा.

तुमच्याकडे तयार उपमा असल्या तरी देऊ नका. एका वर्गात एका माउलीने स्टेटसला अंगणातली रांगोळी म्हटलं: येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते आणि दुसऱ्या दिवशी पुसली जाते. स्टेटस चोवीस तासांनी जातं, हे मला त्यानंतर समजावून सांगावंच लागलं नाही. दुसरी लगेच म्हणाली, "पण कोणी रांगोळीचा फोटो काढला तर?" स्क्रीनशॉटचा अख्खा धडा त्या एका प्रश्नात झाला. फेसबुकला कोणी बाजार म्हणालं, कोणी सारंगखेड्याची जत्रा, कारण तिथे ओळखीचे कमी आणि अनोळखी जास्त. मग जत्रेत आपण काय करतो? पाकीट आतल्या खिशात ठेवतो, पोराचा हात सोडत नाही. या दोन गोष्टींचं फेसबुकवर काय होईल, ते त्यांनाच ठरवू द्या.

उपमा कुठे तुटते तेही काढून घ्या. ओट्यावर बोललेलं वाऱ्यावर जातं, ग्रुपमध्ये लिहिलेलं राहतं. ओट्यावर समोरच्याचा चेहरा दिसतो, फोनमध्ये नुसतं नाव आणि फोटो, आणि ते दोन्ही दुसऱ्याचं लावता येतं.

तिसरी पायरी: ज्वारीचे दाणे

हा वर्ग घाईत उरकू नका.

चादर अंथरा. मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा: हा एक निरोप. एकाने पाच जणांना पाठवला, पाच दाणे. त्या पाचांनी प्रत्येकी पाचांना, पंचवीस. पुढे एकशे पंचवीस, ते सगळ्यांनी मिळून मोजायचे. मग ६२५, तेही मोजून घ्या, वेळ लागू द्या, बोटं दुखू द्या. पाचव्या फेरीचे ३,१२५ मोजायची गरज नाही, वाटीने ओता. सहाव्या फेरीला १५,६२५ होतात. "आपल्या गावची लोकसंख्या किती?" असं विचारलं की चादरीकडे बघत खोली गप्प होते.

त्यानंतर राईनपाड्याबद्दल बोला. हे आपल्याच भागात झालं आहे आणि ते टाळून हा विषय शिकवता येत नाही, असं मला मनापासून वाटतं. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. देशभर फिरलेला त्यातला एक व्हिडिओ तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. मुलाला परत आणून सोडल्याचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

हे सांगताना आवाज चढवू नका. त्या गावाला दोष देत बसू नका. चादरीवरच्या दाण्यांकडे बोट दाखवा आणि एवढंच विचारा: यातला कोणता दाणा थांबला असता तर? माणसं वेगवेगळे दाणे दाखवतात. एका आप्पांनी मधला पहिला दाणा उचलला आणि बराच वेळ मुठीत धरून ठेवला.

आता फोन बाहेर काढा. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. निरोपावर 'फॉरवर्डेड' असा शब्द दिसू लागला तोही त्याच महिन्यात. एप्रिल २०२० पासून, खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दोन बाण असतात. प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये एक बाणाचा आणि दोन बाणांचा असे दोन निरोप शोधायचे. दोन बाण म्हणजे निदान पाच हात फिरून आलेलं. ते खोटंच असतं असं नाही, पण पाठवणाऱ्याने ते स्वतः पाहिलेलं नसतं, हे पक्कं. अहिराणी भागात मी एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवतो: "हाई खरं शे का?" म्हणजे हे खरं आहे का? ग्रुपमध्ये भांडण न करता विचारायला ते पुरतं.

चौथी पायरी: ठकायची यादी

फसवणुकीपासून कसं वाचायचं असं विचारलं, तर माणसं सावधपणे एक-दोन गोष्टी सांगतात आणि गप्प होतात. प्रश्न उलटा करा: "उद्या संध्याकाळपर्यंत आपलं बँकेचं खातं रिकामं व्हायला हवं. काय काय करावं लागेल?" आता बघा. ओटीपी सांगू. पिन एटीएम कार्डावरच लिहून ठेवू. अनोळखी बाईच्या व्हिडिओ कॉलला हो म्हणू. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला आधी पाच हजार भरू. मी ज्या वर्गांत हे केलं तिथे यादी कधी पंधराच्या खाली राहिली नाही, आणि बोलता बोलता कोणीतरी हळूच म्हणतं, "हे माझ्याबरोबर झालंय." त्या माणसाला बोलू द्या. त्याला कोणी "असं कसं केलंस" म्हणणार नाही, एवढी काळजी तुम्ही घ्या. फसलेली माणसं लाजेपायी गप्प राहतात आणि त्यातच तक्रारीची वेळ निघून जाते.

मग यादीतली एकेक ओळ उलटी करून तिचा नियम बनवा. त्यात या गोष्टी आल्या नसतील तर तुम्ही घाला:

पैसे घ्यायला पिन लागत नाही, यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं ती लग्नपत्रिका नसते, गाडीच्या दंडाचं चलन नसतं, किसान योजनेची यादीही नसते. ते फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप असतं, ओळखीच्या नंबरावरून आलं तरी उघडायचं नाही, कारण आधी त्या ओळखीच्याचाच फोन ताब्यात गेलेला असू शकतो. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस कितीही दरडावत असला तरी फोन ठेवायचा आणि घरात सांगायचं.

आणि १९३० हा नंबर. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा राष्ट्रीय क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याच वर्गात जतन करून घ्या. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन, तितकी ते मध्येच अडवून धरण्याची शक्यता जास्त. बटणाच्या फोनवरूनही तो लागतो, हे मुद्दाम सांगा.

पाचवी पायरी: सहा टोप्या, आपल्या घरातल्या

डी बोनोंच्या पद्धतीत सहा रंगांच्या टोप्या असतात आणि सगळ्यांनी एका वेळी एकाच रंगाचा विचार करायचा असतो. टोप्या आणायची गरज नाही. ताटात सहा वस्तू ठेवा. कापसाचं बोंड पांढरं: नक्की माहीत काय आहे? लाल मिरची: मनाला काय वाटतंय? कोळसा: यात धोका काय? हळकुंड: खरं असेल तर फायदा काय? केळीचं पान: आणखी काय करता येईल? आणि निळीची बाटली ज्याच्या हातात, तो वर्ग चालवणार, म्हणजे आता कोणती वस्तू उचलायची ते सांगणार आणि शेवटी निर्णय काय झाला ते बोलणार. निळीची बाटली पहिल्यांदा तुमच्या हातात, नंतर कधीही नाही.

सरावासाठी सोपा निरोप आधी घ्या, उदाहरणार्थ "किसान योजनेचा हप्ता अडला आहे, ही फाइल उघडा". कापूस हातात घेतल्यावर लोक स्वतःच सांगतात की हप्ता थेट खात्यात येतो, फाइलमधून नाही. पाच मिनिटांत तो निकालात निघतो.

खरं काम दुसऱ्या निरोपावर होतं: हरवलेल्या लहान मुलीचा फोटो, "आईचं रडून रडून वाईट हाल, सगळ्या ग्रुपवर पाठवा". इथे हुशार माणसंही अडतात आणि अडलीच पाहिजेत. मिरची आधी फिरवा. प्रत्येकाला पोटात काय होतं ते बोलू द्या. एक काकू म्हणाल्या, "न पाठवून झोप कशी लागेल?" ही भावना खोटी नाही, तिला चूक म्हणू नका. मग कापूस: तारीख आहे का? गाव, तालुका? कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे? बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. असे फोटो मुलगी घरी परतल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतात. कोळसा: तिच्या घरच्यांना रोज अनोळखी फोन येत असतील. कोणाला तरी "तिला पळवणारा हाच" असं म्हणून आणखी एखादा फोटो जोडला जाईल. राईनपाडा इथे न सांगता आठवतो. हळकुंड: खरं असेल तर मुलगी सापडेल, म्हणून निरोप सरळ पुसूनही चालणार नाही. मग पान: करायचं काय? त्या वर्गात ठरलं ते असं की निरोपात नंबर असेल तर आधी आपण फोन करायचा. तो लागला आणि मुलगी खरंच हरवलेली असेल, तर तारीख लिहून, आपलं नाव लिहून पाठवायचा. नंबर नसेल तर पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्यात दाखवायचा. झोप लागेल असा रस्ता काकूंना मिळाला.

या पद्धतीचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. गावच्या बैठकीत जो मोठ्याने बोलतो त्याचंच होतं. इथे कोळसा फिरत असताना सरपंचही फायद्याचं बोलू शकत नाही, आणि मिरची हातात आली की सुनेलाही बोलावंच लागतं.

सहावी पायरी: आता आपलं काही

नुसती भीती शिकवून वर्ग संपवला तर माणसं फोन कपाटात ठेवतील. म्हणून शेवटचा वर्ग काही तरी तयार करायचा. दवंडी घ्या आणि प्रश्नांची सरबत्ती करा: दवंडीत काय बदलता येईल, काय वगळता येईल, कशाला जोडता येईल? एका बचत गटाने यातून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि शेवया विकायचा निरोप बनवला: तीन फोटो, किलोचा भाव, गटाच्या अध्यक्षांचा नंबर, आणि अहिराणीत वीस सेकंदांचा आवाज. लिहिता न येणाऱ्यांसाठी आवाजाचा निरोप आणि कीबोर्डवरचा माइक ही दोन दारं आहेत, ती नक्की उघडून दाखवा. आखाजीची गाणी पाठ असलेल्या म्हाताऱ्या बाया असतील तर त्यांचा आवाज त्यांना विचारून नोंदवा आणि सुरतेला कामाला गेलेल्या नातवंडांना पाठवू द्या. माझ्या अनुभवात फोनबद्दलचा परकेपणा त्या दिवशी सगळ्यात जास्त गळून पडतो.

याच वर्गात एकेकाला शेजारी बसवून चार गोष्टी करून घ्या: व्हॉट्सअ‍ॅपची अक्षरं मोठी करणं, दोन टप्प्यांची पडताळणी म्हणजे सहा आकडी पिन लावणं, ग्रुपमध्ये फक्त ओळखीचेच जोडू शकतील अशी सेटिंग, आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये दुसरा कोणाचा कॉम्प्युटर जोडलेला नाही ना ते बघणं. सहा आकडी पिन साधा वहीत लिहिलेला चालेल, पण वही फोनच्या कव्हरमध्ये नको. तुम्ही स्वतः फोन हातात घेऊन भराभर करून देऊ नका. बोट त्यांचंच फिरलं पाहिजे, दहा मिनिटं लागली तरी.

महिन्याने एकदा परत जा. परीक्षा घेऊ नका, ताटही मांडू नका. ओट्यावर बसून चहा घ्या आणि विचारा, "या महिन्यात कोणता निरोप आला आणि तुम्ही पुढे पाठवला नाही?" ज्यांच्याकडे सांगायला एक तरी निरोप असेल, त्यांना पुढच्या गावच्या वर्गाला सोबत चला म्हणा, आणि तिथे निळीची बाटली त्यांच्याच हातात द्या.